फुलमरी, के.

रविवारी सकाळी रत्नमाला फुलंब्रीहून आली ती भांडायच्या तयारीनंच. मुकुंदवाडीतल्या भावाच्या घराचा जिना चढत असतानाच तिचा आवाज वर पोचला, ती स्वतः नंतर पोचली.

"भाऊ, पाटी अर्धीच हाय! सत्यम पेंटर सकाळपासून शिडीवर बसलाय. नावाच्या आधी काय लिहू, म्हणतो. मी म्हणलं, नौसैनिक लिही. तर म्हणतो, गोकुळभाऊनं मना केलंय."

"केलंच आहे." गोकुळनं पेपर खाली ठेवला नाही.

"चार वाजता गावात उद्घाटन हाय. लोक येतील, मंडप टाकलाय, आन् पाटीवर नुसतंच 'कडुबा रावजी हिवराळे वाचनालय'? बा युद्धावर गेला व्हता ते लिहायचंच नाय?"

"पुरावा आण, लिहितो."

गोकुळ सत्तरीचा. मध्यवर्ती बसस्थानकावर वाहतूक नियंत्रक म्हणून त्यानं तीस वर्षं काढली. गाडी फलाटाला लागल्याचं डोळ्यांनी पाहिल्याशिवाय त्यानं कधी तिचं नाव पुकारलं नाही. निवृत्तीनंतर तोच नियम त्यानं घराला लावला होता, आणि घर वैतागलं होतं.

"पुरावा काय, बा सांगायचा की! तोफेवर व्हतो, गोदावरीवर व्हतो, रंगूनपर्यंत गेलो."

"कुठली गोदावरी, रत्ना? पैठणची? पैठणला काय जपान आलं होतं?"

हे वाक्य त्याचं स्वतःचं नव्हतं. सातवीत असताना गुरुजींनी प्रत्येकाला उभं करून बापाचा धंदा विचारला होता. गोकुळनं छाती काढून सांगितलं होतं की माझा बाप मोठ्या लढाईत गोदावरीवर होता. गुरुजींनी विचारलं, "पैठणला जपान आलं होतं का रे?" सगळा वर्ग बाकं बडवून हसला. त्याच संध्याकाळी ओट्यावर चार माणसं बसलेली असताना बारा वर्षांचा गोकुळ बापासमोर जाऊन म्हणाला, "तुम्ही खोटं बोलता." कडुबानं त्याच्याकडं बघितलं आणि तंबाखू मळत राहिला. त्यानंतर तो वीस-एकवीस वर्षं जगला, पण घरात त्यानं गोदावरीचं नाव काढलं नाही.

नऊ वर्षांची रत्नमाला तेव्हा दाराआड उभी होती. तिनं भावाला ते कधी माफ केलं नव्हतं. भाऊबीज केली, राख्या बांधल्या, त्याच्या आजारपणात महिनाभर येऊन राहिली. पण ते माफ केलं नव्हतं.

"वन्सं, आधी पाणी तरी प्या," गोकुळची बायको सुलेखा तांब्या घेऊन आली. शाळामास्तरीण म्हणून निवृत्त झालेली ती बाई या दोघांच्या भांडणात पंचाचं काम करून आता कंटाळली होती. "आणि तुम्ही हो, पेपर उलटा धरलाय."

दिवाणावर भामाबाई मेथी निवडत बसल्या होत्या. कडुबाची बायको. वय एक्याण्णव. ऐकू चांगलं यायचं, पण कुणाचं ऐकायचं ते त्या ठरवायच्या. लेकीकडं न बघता त्या म्हणाल्या, "आली का भांडखोर? बस."

आतल्या खोलीचं दार उघडलं आणि अमृता बाहेर आली. गोकुळची लेक, चौतीस वर्षांची, एका कॉलेजात ग्रंथपाल. एका हातात लॅपटॉप, दुसऱ्या हातात कागदांची फाईल, आणि ओठ दाताखाली धरलेले. मघापासून ती आत एकटीच हसत होती.

"पप्पा, आत्या, दोघं बसा. शेजारी बसा. हो, एकाच सोफ्यावर."

"काहून?" रत्नमालानं विचारलं.

"गाडी फलाटाला लागलीय," अमृता म्हणाली.

तिनं हा शोध दीड वर्षापूर्वी सुरू केला होता, तोही दोघांच्या भांडणाला कंटाळून. आधी वाटलं होतं, दोन पत्रं लिहिली की झालं. हिवराळे नावाचा एकही खलाशी कुठल्या यादीत निघाला नाही. इंग्रजांनी नाव वेडंवाकडं लिहिलं असेल म्हणून तिनं हिवराळेची अकरा रूपं करून बघितली. कडुबाचीही केली. कडोबा, कदूबा, खुदाबा. मुंबईत तांडेल नावाचे नौदलातून निवृत्त झालेले एक गृहस्थ तिला भेटले. जुन्या जहाजांच्या हजेरीयाद्या जमवायच्या हा त्यांचा छंद. तेही फोनवर म्हणायचे, "ताई, तुमचे आजोबा कागदावर चढलेच नाहीत बहुतेक."

मग दिवाळीच्या सुट्टीत ती आत्याकडं निघाली होती. एसटीत पुढच्या बाकावरच्या म्हातारीनं कंडक्टरला सांगितलं, "एक फुलमरी दे बाबा." फुलंब्रीला जुनी माणसं अजून फुलमरीच म्हणतात. अमृता जागेवरून उठलीच. शेजारचा माणूस दचकला. तिनं चालत्या गाडीतून तांडेलकाकांना फोन लावला आणि ओरडली, "काका, आडनाव नाही, गाव शोधा! गाव!"

आता तिनं लॅपटॉप टीपॉयवर ठेवला. "हा पहिला कागद, भरतीचा फॉर्म. मार्च एकोणीसशे त्रेचाळीस, मुंबई. साहेबानं नाव विचारलं, आजोबांनी कडुबा सांगितलं. आडनाव विचारलं. तेव्हा आपल्याला आडनाव लावायची कुठं सवय होती? कुठला म्हणून विचारलं असेल, तर गाव सांगितलं. त्यानं लिहिलं, फुलमरी, के. बापाचं नाव रावजी. मुलूख, निजामाचं राज्य. वय अठरा, स्वतः सांगितल्याप्रमाणे."

"सोळा व्हतं," दिवाणावरून भामाबाई म्हणाल्या. "थापाड्या."

"ओळखीची खूण," अमृतानं बोट स्क्रीनवर टेकवलं, "डावा कान, वरचा तुकडा नाही."

सुलेखाच्या हातातला तांब्या तसाच राहिला. पाटलाच्या घोड्यानं कडुबाचा कान तोडलेला सगळ्यांना माहीत होता. गोकुळला तर तो बोटांनी माहीत होता. लहानपणी बापाच्या खांद्यावर बसून बाजाराला जाताना तो त्याच कानाला धरायचा, कारण तिथं बोट बरोबर अडकायचं.

"आणि हा दुसरा," अमृताचा आवाज आता हसण्यानं फुटायला लागला होता. "जहाजाची हजेरीयादी. बॉयलरवाले, तोफखान्यावाले, स्वयंपाकी, सगळी नावं आहेत. सत्तेचाळिसावं नाव, फुलमरी, के. पप्पा, जहाजाचं नाव वाचा. वरती, मोठ्या अक्षरात."

गोकुळनं चष्मा नाकावर सारला. एकेक अक्षर लावत वाचलं. पुन्हा वाचलं.

"गोदावरी," तो म्हणाला.

"गोदावरी. युद्धनौका. इंग्रजांनी आपल्या नद्यांची नावं ठेवली होती जहाजांना. पैठणला जपान नव्हतं आलं, पप्पा. गोदावरीच जपानवर गेली होती."

सुरुवातीला गोकुळच्या घशातून नुसता हवेचा आवाज आला. सुलेखाला वाटलं, ठसका लागला. मग त्याचे खांदे हलायला लागले, आणि मग सत्तर वर्षांचा तो शिस्तीचा माणूस सोफ्यावर आडवा होऊन, गुडघे बडवत, खदाखदा हसायला लागला.

"जहाज! अगं, जहाजाचं नाव! गुरुजी, जहाज हो!" त्याला उचकी लागली. "आन् आम्ही सगळे... होडी घेऊन... पैठणच्या घाटावर..."

रत्नमाला आधी रागानं बघत होती, मग तीही फुटली. तिनं भावाच्या पाठीत एक जोरदार धपाटा घातला आणि हसता हसता दुसरा घातला. दुसरा जरा जास्तच जोरात होता. अठ्ठावन्न वर्षांचा होता तो.

"म्हणलं व्हतं ना! म्हणलं व्हतं ना मी!"

"म्हणलं होतंस! मार अजून!"

गोकुळनं फोन उचलला आणि बसस्थानकावरच्या जुन्या सोबत्याला लावला. "बन्सी, ऐक. माझा बाप गोदावरीवर होता. नाय रे, पैठण गाडी नाय! जहाज! लोखंडी! तोफावाली!" बन्सीला काही कळलं नाही, तरी त्यानं अभिनंदन केलं. गोकुळनं आणखी तिघांना फोन केले. सुलेखानं फ्रीजमधून गुलमंडीवरून आणलेली इमरती काढली. ती संध्याकाळच्या पाहुण्यांसाठी होती, पण आता कोण थांबतं.

"खलाशी कडुबाची सून मी," ती सासूच्या तोंडात तुकडा भरवत म्हणाली. "आत्याबाई, तुम्ही खलाशीणबाई."

"मेथीचे हात हायत माझे," भामाबाई म्हणाल्या, पण तोंड उघडलं.

सगळं इतकं छान चाललं होतं की अमृतानं फाईल हळूच मिटली. सुलेखाच्या नजरेतून ते सुटलं नाही. तीस वर्षं वर्गात उभी राहिलेली बाई होती ती.

"अमृता, काय लपवलंस?"

"काही नाही."

"तोफेवर व्हता ते लिहिलंय ना त्यात?" रत्नमालानं इमरतीचे हात पदराला पुसले. "ते वाच. तोफवाला कडुबा. तेच पाटीवर घालू. तोफवाला लिहिलंय ना?"

अमृतानं आईकडं बघितलं. शुक्रवारपासून ती हा शब्द घेऊन फिरत होती. सांगायचा की नाही, ते तिनं दहा वेळा ठरवलं होतं आणि दहा वेळा मोडलं होतं.

"आत्या, नावापुढं कामाचा रकाना आहे. त्यात 'टोपास' लिहिलंय."

"म्हंजे तोफच की."

"नाही गं. टोपास म्हणजे..." अमृता थांबली. "जहाजावरचा सफाईवाला. संडास धुणं, मोऱ्या काढणं, कचरा समुद्रात टाकणं. त्या कामाला टोपास म्हणत."

रत्नमालाच्या चेहऱ्यावरचं हसू जागच्या जागी थांबलं. लग्न होऊन फुलंब्रीतच दिलेली ती, त्याच गावात सदुसष्ट वर्षं वावरलेली. ज्या विहिरीवर तिच्या आईला उभं राहू देत नव्हते त्या विहिरीवरून जाताना ती मनात म्हणायची, माझा बाप तोफेवर होता. स्वतःच्या पोरांना, नातवंडांना सांगितलं होतं. नातीनं शाळेत तोफेचं चित्र काढलं होतं, तोफेमागं पणजोबा. तिला वाटलं, त्या चित्रातली तोफ कुणीतरी आता, तिच्या डोळ्यांसमोर, खोडरबरानं पुसतंय.

"ते वाचू नको," ती म्हणाली.

"आत्या..."

"नौसैनिक लिहा. नौसैनिक खोटं हाय का? नाय ना? मग बास. पुढचं कुणाला सांगायचं काय कारण हाय? गावाला हेच पायजे असतं. पळून जाऊन जाऊन शेवटी झाडूच हातात घेतला, असं म्हणतील."

"म्हणू दे," गोकुळ म्हणाला.

"तू गप. तुझं काय जातंय? तू त्याला आधीच खोटा म्हणून बसलेला."

"म्हणूनच म्हणतो. कागदावर आहे ते लिहायचं. सगळं. काम, जहाज, साल. माझा बाप खरा होता, रत्ना. मला आता त्यातलं एक अक्षर कमी नको."

"आत्ता अर्ध्या तासापूर्वी एक अक्षर जास्त नको व्हतं तुला!"

सुलेखानं कपाळावर हात मारला. भांडण तेच होतं, फक्त दोघांनी जागा बदलल्या होत्या.

"मला ठाव हाय," भामाबाई म्हणाल्या.

त्या मेथी निवडतच होत्या. दोन काड्या टाकून झाल्यावर त्यांनी वर बघितलं. "काय बघता? मला ठाव हाय त्यो काय करत व्हता. लगीन झालं त्याच साली सांगितलं त्यानं मला. ज्वारीच्या रानात, भर दुपारी. भाकर खाताना सांगितलं, लई हसला सांगताना."

"हसला?" रत्नमाला म्हणाली.

"हसंल नाय तर काय. गावची चावडी झाडायला नगं म्हणून पळाला. चालत चालत मनमाडपर्यंत गेला. इंग्रजानं गाडीत बशिवलं, जहाजात बशिवलं, पार समिंदराच्या मधी नेलं आन् म्हणला, हे घे. काय? तर झाडू." भामाबाईंचं बोळकं तोंड हसायला लागलं. "म्हणायचा, भामे, मी त्या झाडूपासून पळालो तर त्यो माझ्या आधी जाऊन जहाजावर बसला व्हता."

गोकुळनं हसू दाबायचा प्रयत्न केला. जमला नाही.

"आन् बादलीची गोष्ट. बादलीची नाय सांगितली व्हय तुमाला? कशी सांगंल, तुमाला तर तोफ सांगितली त्यानं." त्यांनी मेथीची जुडी बाजूला ठेवली. आता त्या दोन्ही हातांनी बोलत होत्या. "रंगूनच्या अंगाला लढाई लागली. मोठी तोफ उडाली. हा बादली घेऊन उभा. असा दणका बसला, असा दणका, की बादली हातातून उडाली आन् थेट समिंदरात. सगळे जपान जपान करतायत, हा बघतोय बादलीकडं. चालली तरंगत. लढाई झाल्यावर सायेब म्हणतो, बादली कुठाय? हा म्हणतो, सायेब, तुमच्याच तोफेनं नेली. तीन दिस शिक्षा दिली त्याला!"

अमृतानं फाईल उघडली. तिचे हात घाईघाईनं पानं उलटत होते.

"आजी, थांब. थांब, थांब. मला वाटलं, हे फालतू आहे. मी दाखवणारसुद्धा नव्हते..." तिला पान सापडलं. ती वाचायला लागली आणि दुसऱ्याच शब्दाला तिचा आवाज चिरकला. "मे पंचेचाळीस. टोपास फुलमरी, के. जस्ताची बादली एक, गोळीबाराच्या वेळी समुद्रात गहाळ. तीन दिवस जादा काम."

सगळे हसत सुटले. सुलेखा भिंतीला टेकून खाली बसली. गोकुळ डोळे पुसत होता आणि पुन्हा पुन्हा "जस्ताची" एवढंच म्हणत होता. रत्नमाला हसायचं नाही म्हणून तोंडावर पदर धरून बसली होती. पदराच्या आतून असा एक आवाज आला की भामाबाईंनी तिच्याकडं बोट दाखवलं, आणि मग तीही गेली. इंग्रज सरकारनं ऐंशी वर्षांपूर्वी बादलीची एवढी काळजी घेतली होती, त्या पाच माणसांना त्याहून जास्त गमतीचं जगात काही सुचेना.

"अजून एक कागद आहे," अमृता शेवटी म्हणाली. "शेवटचा. फेब्रुवारी शेहेचाळीसला आजोबा मुंबईच्या बराकीत होते. तेव्हा नौदलातल्या खलाशांनी इंग्रजांविरुद्ध संप केला. यादीत टोपासही आहेत. त्यांनीही काम टाकलं. पुढं लिहिलंय, सेवेची गरज नाही, घरी पाठवावा."

"म्हणून कागद नव्हते त्याच्याकडं," गोकुळ हळू आवाजात म्हणाला.

"झाडू ठेवला म्हणायचा," भामाबाईंनी मान हलवली. "सगळ्या पोरांनी बंदुका ठेवल्या, मी झाडू ठेवला. आन् परत उचलला नाय. गावात आला तवा पाटलाचा माणूस म्हणला, चावडी झाड. हा म्हणला, मी इंग्रजाची झाडायची सोडून आलो, तुमची काय झाडतो?"

रत्नमालानं तोंडावरचा पदर काढला. "मग आमाला तोफ काहून सांगितली, माय?"

"पोरांच्या कानावर झाडू पडू नये म्हणला. पोरं झाडूच्या पुढं गेली पायजेत." भामाबाईंनी मेथीची जुडी परत मांडीवर ओढली. मग लेकाकडं वळल्या. "तू ओट्यावर चार माणसांत बोललास, त्या दिशी आत येऊन मला म्हणला, भामे, पोरगं खरं बोललं. तोफ खोटीच व्हती."

गोकुळला इतकी वर्षं वाटत होतं की बापानं राग धरला. बाप तर त्याच्याच बाजूनं उभा होता. गोकुळ नदीबद्दल बोलला होता, बापाला तोफेबद्दल ऐकू गेलं होतं, आणि एका घरात राहून दोघं आयुष्यभर वेगवेगळ्या गोष्टींची लाज बाळगत राहिले होते. तो उठून दिवाणावर आईशेजारी जाऊन बसला. भामाबाईंनी मेथीची अर्धी जुडी त्याच्या मांडीवर टाकली, आणि तो निवडायला लागला.

तेवढ्यात रत्नमालाचा फोन वाजला. तिनं नाव बघितलं आणि फोन भावापुढं धरला.

"सत्यम पेंटर हाय. तूच सांग."

"काय सांगू?"

"कागदावर हाय ते." मग जरा थांबून ती म्हणाली, "जहाजाचं नाव मोठ्या अक्षरात."

गोकुळनं फोन स्पीकरवर टाकला. "लिही सत्यम. नावाच्या आधी टोपास लिही. खाली बारीक अक्षरात जहाज गोदावरी, एकोणीसशे त्रेचाळीस ते शेहेचाळीस. नाही, जहाज मोठ्या अक्षरात."

"टोपास?" पलीकडून आवाज आला. "सर, हे काय असतं? लोकांना कळणार नाय. येणारा-जाणारा इचारत बसंल."

"विचारू दे. त्याच्यासाठीच लिहायचं आहे."

"बरं. मग मीच पहिला इचारतो. काय असतं टोपास?"

गोकुळनं पाय वर घेऊन दिवाणावर मांडी घातली. घसा साफ केला. बसस्थानकावर माईक हातात घेताना करायचा, अगदी तसा.

"शिडीवरून खाली उतर. सावलीत बस. माझा बाप सोळा वर्षांचा होता..."

"घोडा आधी सांग," रत्नमाला म्हणाली.

"मनमाडपासून सांगा," सुलेखा म्हणाली.

"सर, ब्रश भरलेला हाय, रंग वाळतोय."

"वाळू दे," भामाबाई फोनच्या दिशेनं ओरडल्या. "गोकुळ, जोरात सांग. त्याला ऐकू जाऊ दे."